‘आब्लारा’, ‘कोम्येरा’, ‘बिब्येरा’: स्पॅनिशचा इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह मराठीतून

स्पॅनिशचा इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह अवघड आहे असं म्हणणारे बहुतेक जण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात. एक म्हणजे रूप बनवणं आणि दुसरी म्हणजे ते कुठे वापरायचं हे ओळखणं. पहिली गोष्ट अर्ध्या तासात जमते. वेळ जातो तो दुसरीत, पण तिथेही मराठी बोलणाऱ्याची निम्मी वाट आधीच चालून झालेली असते. ‘त्याने यावं’ यातला ‘-आवं’ आणि ‘पैसे असते तर’ यातला ‘असते’, हे दोन्ही अर्थ स्पॅनिश एकाच रूपावर सोपवते. म्हणजे आपल्या व्याकरणातले विध्यर्थ आणि संकेतार्थ एकाच घरात नांदतात. घोळ होतो तो या दोन भाषा जिथे हळूच वेगळ्या वळणाने जातात तिथे. या लेखाचा बराचसा भाग त्या वळणांसाठी ठेवला आहे.

आधी लिपीबद्दल थोडं. इथे स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ आणि ‘बी’ या अक्षरांचा उच्चार एकच असतो. म्हणून ‘राहणे’ या अर्थाचं क्रियापद इथे ‘बिबिर’ असं दिसेल, स्पॅनिशमध्ये लिहिताना मात्र त्यात दोन्ही ठिकाणी ‘व्ही’ येतो. ‘बोलणे’ म्हणजे ‘आब्लार’. त्याच्या सुरुवातीला ‘एच’ असतो, तो लिहायचा पण उच्चारायचा नाही. ‘जे’ हे अक्षर घशातून काढलेल्या ‘ख’सारखं वाजतं. जोडीने आलेले दोन ‘एल’ बहुतेक ठिकाणी ‘य’ होतात, पण ब्वेनोस आयरेसमध्ये ‘श’. त्यामुळे ‘यामार’ (फोन करणे, हाक मारणे) तिकडे ‘शामार’ ऐकू येतं.

रूप कसं बनतं

मूळ क्रियापदाकडे बघायचंच नाही. सुरुवात साध्या भूतकाळापासून, म्हणजे प्रेतेरितोपासून करायची आणि त्यातही फक्त ‘ते’ या पुरुषाचं रूप घ्यायचं. ‘ते बोलले’ म्हणजे आब्लारोन, ‘ते जेवले’ म्हणजे कोम्येरोन, ‘ते राहिले’ म्हणजे बिब्येरोन. शेवटचा ‘-रोन’ कापा. उरतं ते आब्ला-, कोम्ये-, बिब्ये-. त्याला -रा, -रास, -रा, -रामोस, -राइस, -रान हे प्रत्यय क्रमाने जोडा:

यो (मी): आब्लारा, कोम्येरा, बिब्येरा
तू: आब्लारास, कोम्येरास, बिब्येरास
एल, एया, उस्तेद (तो, ती, आपण): आब्लारा, कोम्येरा, बिब्येरा
नोसोत्रोस (आम्ही, आपण सगळे): आब्लारामोस, कोम्येरामोस, बिब्येरामोस
बोसोत्रोस (तुम्ही लोक, स्पेनमध्ये): आब्लाराइस, कोम्येराइस, बिब्येराइस
एयोस, उस्तेदेस (ते, तुम्ही लोक): आब्लारान, कोम्येरान, बिब्येरान

मूळ क्रियापदाच्या शेवटावरून तीन गट पडतात: -आर (आब्लार), -एर (कोमेर, म्हणजे जेवणे) आणि -इर (बिबिर). त्यांपैकी -एर आणि -इर या दोन गटांत इथे काडीचाही फरक नाही. लॅटिन अमेरिकेत ‘बोसोत्रोस’ वापरत नाहीत, म्हणून तिकडची स्पॅनिश शिकणाऱ्याने ती ओळ नुसती ओळखता आली तरी पुरे. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ म्हणतात, पण त्यालाही हेच ‘आब्लारास’ चालतं.

‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच आहे, हे तक्त्यात निरुपद्रवी वाटतं, पण वाक्यात अडचण करतं. ‘केरिया’ (इच्छा होती) हेही दोघांना सारखंच आहे. त्यामुळे ‘केरिया के आब्लारा’ या तीन शब्दांचा अर्थ ‘त्याने बोलावं असं मला वाटत होतं’, ‘मी बोलावं असं त्याला वाटत होतं’ किंवा ‘तिने बोलावं असं त्याला वाटत होतं’, काहीही निघू शकतो. एरवी स्पॅनिश सर्वनामं बिनधास्त गाळते, इथे मात्र ती घालायची: ‘यो केरिया के एल आब्लारा’.

‘-रोन’ कापण्याच्या नियमाला एकही अपवाद नाही, अनियमित क्रियापदांचाही नाही. देसिर (सांगणे) या क्रियापदाचं प्रेतेरितो दिखेरोन, म्हणून दिखेरा. तेनेर (जवळ असणे) याचं तुब्येरोन, म्हणून तुब्येरा. सेर (असणे) आणि इर (जाणे) या दोघांचं फ्वेरोन, म्हणून दोघांचंही फ्वेरा. म्हणजे जो काही वेडेपणा आहे तो प्रेतेरितोतच आहे. ज्याचं प्रेतेरितो पक्कं, त्याला इथे नवीन पाठांतर नाही. आणि ज्याचं प्रेतेरितो कच्चं, त्याने आधी तेच पक्कं करावं. सब्जंक्टिव्हचे तक्ते वेगळे घोकण्यात वेळ वाया जातो.

याचा एक सुखद परिणाम असा की वर्तमानकाळात स्वर बदलून छळणारी -आर आणि -एर गटांतली बरीच क्रियापदं इथे सुतासारखी सरळ होतात. कोन्तार (मोजणे, सांगणे) वर्तमान सब्जंक्टिव्हमध्ये ‘क्वेन्ते’ होतं, पण इथे कोन्तारा. पेन्सार (विचार करणे) तिथे ‘प्येन्से’, इथे पेन्सारा. बोल्बेर (परत येणे) तिथे ‘ब्वेल्बा’, इथे बोल्ब्येरा. पेर्देर (हरवणे) इथे पेर्द्येरा. बुस्कार (शोधणे) आणि येगार (पोचणे) यांच्या स्पेलिंगमध्ये वर्तमान सब्जंक्टिव्हसाठी करावे लागणारे बदलही इथे लागत नाहीत: बुस्कारा, येगारा. सालिर (बाहेर पडणे) वर्तमानकाळात ‘साल्गो’ असं वाकडं जातं, इथे मात्र सरळ साल्येरा.

सावध राहायचं ते -इर गटातल्या स्वर बदलणाऱ्या क्रियापदांपाशी. पेदिर (मागणे) याचं ‘ते’ रूप पिद्येरोन असल्यामुळे पिद्येरा होतं, दोर्मिर (झोपणे) याचं दुर्म्येरा. लेएर (वाचणे) याचं लेयेरोन, म्हणून लेयेरा.

रूपात कुठे चुकतं

सगळ्यात पसरलेली चूक एका आडवाटेतून येते. ‘आब्लार’ला नुसता ‘आ’ लावला तरी ‘आब्लारा’ मिळतं, म्हणून विद्यार्थी ठरवून टाकतात की मूळ क्रियापदाला ‘आ’ जोडायचा. -आर गटात हे योगायोगाने जमून जातं आणि तेवढ्यात सवय लागते. मग ‘कोमेर’चं ‘कोमेरा’ आणि ‘बिबिर’चं ‘बिबिरा’ होतं. दोन्ही चूक. हवं ते कोम्येरा आणि बिब्येरा, म्हणजे ‘-रा’च्या आधी ‘ये’ आलाच पाहिजे. -आर गटातही ही आडवाट दार (देणे), एस्तार (असणे), आन्दार (चालणे) यांच्यापाशी बुडवते, कारण त्यांची रूपं द्येरा, एस्तुब्येरा, आन्दुब्येरा अशी आहेत.

दुसरी चूक कानाची. कोम्येरा हे तीन अक्षरांचं आहे: को-म्ये-रा. मराठी जीभ त्याचं ‘को-मि-ये-रा’ करते आणि जोर भलतीकडे जातो.

आणि जोर हा इथला खरा कळीचा मुद्दा आहे. सहाही रूपांत तो एकाच अक्षरावर टिकून राहतो, ‘-रा’च्या लगेच आधीच्या: आ-ब्ला-रा मध्ये ‘ब्ला’वर, को-म्ये-रा मध्ये ‘म्ये’वर. ‘आब्लारामोस’ मध्येही जोर ‘ब्ला’वरच. तिथे तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो आणि स्पॅनिशच्या नियमाप्रमाणे अशा शब्दात जोराच्या स्वरावर तिरकी रेघ द्यावीच लागते. म्हणून सहा रूपांपैकी फक्त ‘नोसोत्रोस’च्या रूपात रेघ आहे. ती विसरणं ही लेखी परीक्षेत गुण घालवण्याची हमखास जागा.

जोर चुकला तर नुसता उच्चार खराब होत नाही, काळही बदलतो. आ-ब्ला-रा मध्ये जोर मधे असेल तर तो सब्जंक्टिव्ह. तोच जोर शेवटच्या ‘रा’वर गेला आणि त्या ‘रा’च्या स्वरावर रेघ आली, तर तो ‘तो बोलेल’ असा भविष्यकाळ. आब्लारास आणि आब्लारान यांचंही तसंच. हा धोका -आर गटापुरताच आहे. बाकीच्या दोन गटांत भविष्यकाळ ‘कोमेरा’, ‘बिबिरा’ असा होतो, त्यामुळे ‘ये’ ऐकू आला की प्रश्न मिटतो. म्हणूनच वर सांगितलेली ‘कोमेरा’ची चूक जास्त महागात पडते: ऐकणाऱ्याला ती चूक वाटतच नाही, तो सरळ भविष्यकाळ समजून पुढे जातो.

‘-से’वाली जुळी रूपं

पुस्तकात आणखी एक तक्ता दिसतो: आब्लासे, आब्लासेस, आब्लासे, आब्लासेमोस, आब्लासेइस, आब्लासेन, तसंच कोम्येसे, बिब्येसे. बनवायची रीत तीच, फक्त ‘-रा’च्या जागी ‘-से’. ‘नोसोत्रोस’च्या रूपावर इथेही रेघ येते. अर्थ एकच. १७१३ साली स्थापन झालेली स्पेनची भाषा अकादमी दोन्ही रूपं बरोबर मानते. बोलताना ‘-रा’ जास्त ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत तर फारच जास्त. शिकणाऱ्याने ‘-रा’ बोलावं आणि ‘-से’ वाचताना ओळखावं, एवढ्यावर भागतं.

एका भाषेत दोन जोड्या का, याचं उत्तर लॅटिनमध्ये आहे. ‘-से’ हे लॅटिनच्या पूर्ण भूतकाळाच्या सब्जंक्टिव्हमधून आलं. ‘-रा’ मात्र मुळात सब्जंक्टिव्ह नव्हतंच. ते साध्या ‘बोलला होता’ या अर्थाचं रूप होतं आणि हळूहळू सरकत इकडे आलं. जुना अर्थ अजून पूर्ण मेलेला नाही. वर्तमानपत्री आणि साहित्यिक स्पॅनिशमध्ये ‘एल लिब्रो के पुब्लिकारा आन्योस आन्तेस’ असं वाक्य भेटतं. त्याचा अर्थ ‘त्याने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेलं पुस्तक’ एवढाच, इच्छा किंवा शंका काही नाही. वाचताना दचकू नका, लिहिताना त्या वाटेला जाऊ नका.

गोव्यात ज्यांचा पोर्तुगीजशी संबंध आला आहे त्यांना हा इतिहास फार कामाचा, कारण पोर्तुगीजने जुनी वाटणी तशीच ठेवली आहे. तिकडे सब्जंक्टिव्हचं काम ‘-से’च्या भावंडाकडे आहे आणि ‘-रा’वालं रूप अजूनही ‘बोलला होता’ हाच अर्थ देतं. त्यामुळे पोर्तुगीजवरून स्पॅनिशकडे येणाऱ्याला ‘सी आब्लारा’ कानाला विचित्र वाटतं. त्याने पाहिजे तर ‘-से’ वापरावं, ते पूर्ण शुद्ध आहे, फक्त थोडं पुस्तकी वाटेल.

पहिलं वळण: ‘-आवं’ला काळ नसतो

आता वापराकडे. मराठीत ही दोन वाक्यं पाहा: ‘तू तिच्याशी बोलावंस असं मला वाटतं’ आणि ‘तू तिच्याशी बोलावंस असं मला वाटत होतं’. इच्छा आजची असो की कालची, ‘बोलावंस’ जागचं हलत नाही. काळाचं ओझं सगळं ‘वाटतं’वर. स्पॅनिशमध्ये दोन्ही क्रियापदं हलतात:

क्येरो के आब्लेस कोन एया. (वाटतं)
केरिया के आब्लारास कोन एया. (वाटत होतं)

नियम असा: मुख्य क्रियापद वर्तमान, भविष्य किंवा आज्ञार्थात असेल तर पुढे वर्तमान सब्जंक्टिव्ह, मुख्य क्रियापद कुठल्याही भूतकाळात किंवा ‘-रिया’ने संपणाऱ्या कंडिशनलमध्ये असेल तर पुढे इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह. यातला कंडिशनलचा भाग निसटतो. ‘मे गुस्तारिया’ म्हणजे ‘मला आवडेल’. आपल्या डोक्यात तो भविष्यकाळ असतो, म्हणून पुढे ‘यामेस’ तोंडात येतं. हवं ते ‘मे गुस्तारिया के मे यामारास’, म्हणजे ‘तू मला फोन केलास तर आवडेल’.

या नियमात थोडी सैलही आहे. सांगितलेलं काम अजून व्हायचं असेल तर ‘मे पिद्यो के ते आयुदारा’ (तुला मदत करायला त्याने मला सांगितलं) ऐवजी ‘मे पिद्यो के ते आयुदे’ हेही बोलतात. अँडीज भागात आणि अर्जेंटिनाच्या बोलीत भूतकाळानंतर वर्तमान सब्जंक्टिव्ह सर्रास ऐकू येतो. परीक्षेसाठी आणि औपचारिक लिखाणासाठी मात्र वरचा नियमच धरावा. उलट दिशेचीही एक शक्यता आहे: मुख्य क्रियापद आजचं, पण पुढची गोष्ट कालची. ‘नो क्रेओ के कोम्येरा आयेर’, म्हणजे ‘तो काल जेवला असेल असं मला वाटत नाही’. इथेही इम्परफेक्टच.

कर्ता एकच असेल तर सब्जंक्टिव्ह येत नाही. ‘मला तिच्याशी बोलायचं होतं’ म्हणजे ‘केरिया आब्लार कोन एया’. मराठीही इथे ‘-आवं’ सोडून ‘-आयचं’ घेते, त्यामुळे सहसा चूक होत नाही. ‘-आयचं’ आलं की मूळ क्रियापद, ‘-आवं’ आलं की ‘के’ आणि सब्जंक्टिव्ह, एवढं धरून चालायला हरकत नाही.

दुसरं वळण: ‘वाटतं’ दोन कामं करतं

‘तो मराठी बोलतो असं मला वाटत होतं’ हा समज आहे. ‘त्याने मराठी बोलावं असं मला वाटत होतं’ ही इच्छा आहे. क्रियापद दोन्हीकडे ‘वाटणे’. स्पॅनिशमध्ये समजासाठी क्रेएर, इच्छेसाठी केरेर, आणि पुढचं रूपही वेगळं:

क्रेइया के आब्लाबा माराती. (समज)
केरिया के आब्लारा माराती. (इच्छा)

‘वाटत होतं’चं भाषांतर आधी ‘क्रेइया’ असं करून मग पुढे ‘आब्लारा’ लावलं तर वाक्य कोलमडतं. होकारार्थी ‘क्रेइया’ला सब्जंक्टिव्ह लागत नाही, ‘आब्लाबा’ (बोलत होता) सारखं साधं रूपच लागतं. नकार आला की मात्र पारडं फिरतं: ‘नो क्रेइया के आब्लारा माराती’, म्हणजे ‘तो मराठी बोलत असेल असं मला वाटलं नव्हतं’. इथे मराठीत ‘-आवं’ नाही, ‘असेल’ आहे. म्हणजे आपली ‘-आवं’ची खूण एकाच दिशेने चालते: ‘के’ने जोडलेल्या अशा वाक्यात ‘-आवं’ दिसलं की सब्जंक्टिव्ह लावा, पण ‘-आवं’ नसल्याने सब्जंक्टिव्ह नाही असं समजू नका.

ती नसूनही सब्जंक्टिव्ह लागणारी मुख्य घराणी म्हणजे शंका आणि भावना. शंका पटते, भावना पटत नाही. ‘मे आलेग्रो के यामारास’ म्हणजे ‘तू फोन केलास याचा आनंद झाला’. फोन झाला आहे, त्यात काही अनिश्चित नाही, मग सब्जंक्टिव्ह का? कारण वाक्य फोन झाल्याची बातमी देत नाही. ते धरून चाललं आहे आणि त्यावर प्रतिक्रिया देतं. स्पॅनिशमध्ये ‘घडलं की नाही’ यापेक्षा ‘मी ते घडल्याचं सांगतो आहे की नाही’ हा प्रश्न मोठा.

याच प्रश्नावर ‘मे दिखो के’ (त्याने मला सांगितलं की) या सुरुवातीचं पुढचं सगळं ठरतं. ‘मे दिखो के कोमिया’ म्हणजे तो जेवतोय अशी त्याने बातमी दिली. ‘मे दिखो के कोम्येरा’ म्हणजे मी जेवावं असं त्याने सांगितलं. सरावासाठी याहून चांगली जागा नाही. समोर येईल ती आज्ञा घ्या आणि ‘मे दिखो के’ लावून फिरवा: ‘एस्क्रिबे’ (लिही) याचं ‘मे दिखो के एस्क्रिब्येरा’, ‘नो बेन्दास ला कासा’ (घर विकू नकोस) याचं ‘मे दिखो के नो बेन्द्येरा ला कासा’, ‘यामामे’ (मला फोन कर) याचं, तो पुरुष असल्यास, ‘मे दिखो के लो यामारा’. शेवटच्या वाक्यात दोन बदल एकदम झाले: ‘मला’चं ‘त्याला’ झालं, आणि आज्ञेत क्रियापदाच्या शेपटीला चिकटलेलं सर्वनाम सुटून पुढे आलं. रूप बरोबर असूनही वाक्य चुकतं ते बहुधा इथे.

तिसरं वळण: ‘असता तर’ दोन्हीकडे

‘जास्त पगार असता तर घर घेतलं असतं.’ मराठीत ‘तर’च्या अलीकडे आणि पलीकडे एकच ठसा: असता, असतं. स्पॅनिश दोन बाजूंना दोन वेगळी रूपं देते. अटीच्या बाजूला ‘सी’ आणि इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह, परिणामाच्या बाजूला कंडिशनल:

सी गानारा मास, कोंप्रारिया उना कासा.

‘गानार’ म्हणजे कमावणे, ‘कोंप्रार’ म्हणजे विकत घेणे. कंडिशनल मूळ क्रियापदापासून बनतो (कोंप्रार अधिक ‘-इया’), सब्जंक्टिव्ह प्रेतेरितोपासून. -एर गटात ‘कोम्येरा’ आणि ‘कोमेरिया’ जवळजवळ ठेवून म्हणून पाहा, फरक कानात बसेल.

मराठी सवयीने दोन्हीकडे ‘-रिया’ लावला जातो: ‘सी गानारिया मास, कोंप्रारिया...’. गंमत म्हणजे स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेश, नावारा, ला रियोखा, बुर्गोस या पट्ट्यात मातृभाषक स्वतः असं बोलतात. तिथे ते खपतं, प्रमाण भाषेत नाही. अटीच्या ‘सी’नंतर कंडिशनल नाही आणि वर्तमान सब्जंक्टिव्हही नाही. ‘की नाही’ या अर्थाचा ‘सी’ वेगळा, त्याला ही बंदी लागू नाही: ‘नो साबिया सी यामारिया’, म्हणजे ‘तो फोन करेल की नाही हे मला माहीत नव्हतं’.

या बांधणीतला दुसरा घोळ काळाचा. ‘जास्त पगार असता तर घर घेतलं असतं’ हे वाक्य आजबद्दल आहे की दहा वर्षांपूर्वीबद्दल? मराठीत ते संदर्भावरून कळतं, रूपावरून सहसा नाही. स्पॅनिशमध्ये बोलायच्या आधीच ठरवावं लागतं. आजबद्दल असेल तर वरचं वाक्य. संधी कधीच निघून गेली असेल तर:

सी उब्येरा गानादो मास, आब्रिया कोंप्रादो उना कासा.

‘उब्येरा’ हे ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचं इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह. त्यानंतर -आर गटाला ‘-आदो’, बाकी दोन गटांना ‘-इदो’: आब्लादो, कोमिदो, बिबिदो. आणि इथे स्पॅनिश आपल्याला एक सवलत देते: परिणामाच्या बाजूला ‘आब्रिया’ऐवजी पुन्हा ‘उब्येरा’ चालतं. ‘सी उब्येरा गानादो मास, उब्येरा कोंप्रादो उना कासा’ हे अगदी रोजचं वाक्य आहे.

नावातल्या ‘इम्परफेक्ट’मुळे हा भूतकाळच आहे असं वाटतं, पण ‘सी’बरोबर तो आजचा किंवा उद्याचा असतो. मराठीला हे नवं नाही. ‘उद्या पाऊस आला तर’ म्हणताना आपणही ‘आला’ हे भूतकाळी रूप उद्यासाठी वापरतो. फरक एवढाच की आपल्या साध्या, शक्य कोटीतल्या ‘त्याने फोन केला तर’साठी स्पॅनिशमध्ये वर्तमानकाळ लागतो: ‘सी यामा’. ‘सी यामारा’ म्हटलं की ‘केलाच समजा’ अशी छटा येते, म्हणजे शक्यता कमी. ओखाला (असं होऊ दे) या शब्दानंतरही हीच पायरी: ‘ओखाला य्वेबा’ म्हणजे पाऊस पडो, पडू शकतो, ‘ओखाला योब्येरा’ म्हणजे पडला तर किती बरं, पण लक्षण दिसत नाही.

कोमो सी, म्हणजे ‘जणू काही’, हे याच घरातलं, पण जास्त कडक. मुख्य क्रियापद कुठल्याही काळात असो, पुढे वर्तमान सब्जंक्टिव्ह कधीच येत नाही: ‘गास्ता कोमो सी गानारा मियोनेस’, म्हणजे ‘लाखो कमावत असल्यासारखा खर्च करतो’.

उरलेल्या जागा

उद्देश सांगणारं ‘पारा के’ आणि ‘च्या आधी’ सांगणारं ‘आन्तेस दे के’ यांना सब्जंक्टिव्ह लागतोच, आणि गोष्ट कालची असेल तर इम्परफेक्ट. ‘सेर्रे ला बेन्ताना पारा के नो एन्त्रारा एल पोल्बो’, म्हणजे ‘धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी लावली’.

‘क्वान्दो’ (जेव्हा) मात्र दोन तोंडांचं आहे. ‘मे यामो क्वान्दो येगो’ म्हणजे ‘पोचल्यावर त्याने फोन केला’. झालेली गोष्ट, साधा भूतकाळ. ‘दिखो के मे यामारिया क्वान्दो येगारा’ म्हणजे ‘पोचल्यावर फोन करीन असं तो म्हणाला’. तो म्हणाला त्या क्षणी पोचायचं होतं, म्हणून येगारा. मराठीत दोन्हीकडे ‘पोचल्यावर’, त्यामुळे इथे मराठी काही इशारा देत नाही. बोलल्याच्या क्षणी ते घडून गेलं होतं का, एवढंच विचारायचं.

शोधातल्या माणसाचंही असंच. ‘बुस्काबा उन एंप्लेआदो के आब्लारा माराती’ म्हणजे मराठी बोलणारा कोणी कर्मचारी हवा होता, मिळेल की नाही देव जाणे. ‘तेनिया उन एंप्लेआदो के आब्लाबा माराती’ म्हणजे असा एक जण होताच. ‘रा’ आणि ‘बा’ यांत काय तो फरक.

अदबीसाठीही ‘-रा’ वापरतात, पण फक्त केरेर, पोदेर (शकणे), देबेर (करायला हवं असणे) या तिघांपुरतं. त्यांतलं नियमित एकटं देबेर: ‘देब्येरास देस्कान्सार’, म्हणजे ‘तू विश्रांती घ्यायला हवीस’, जरा मऊ सुरात. या कामाला ‘-से’वालं रूप लावत नाहीत.

करून पाहण्यासाठी

‘मुलांनी लवकर जेवावं अशी आजीची इच्छा होती.’ कर्ते दोन, ‘-आवं’ आहे, मुख्य क्रियापद भूतकाळात: ‘ला आब्वेला केरिया के लोस निन्योस कोम्येरान तेंप्रानो’.

‘आम्ही पुण्यात राहत असतो तर रोज भेटलो असतो.’ आजबद्दल असेल तर ‘सी बिब्येरामोस एन पुणे, नोस बेरियामोस तोदोस लोस दियास’. लिहिताना ‘बिब्येरामोस’च्या ‘ये’तल्या स्वरावर रेघ विसरू नका. कधीकाळची गोष्ट असेल तर सुरुवात ‘सी उब्येरामोस बिबिदो एन पुणे’ अशी.

‘दार उघड, असं तिने मला सांगितलं.’ आज्ञा आहे, बातमी नाही: ‘मे दिखो के आब्र्येरा ला प्वेर्ता’.

‘तो फोन करेल असं मला वाटत होतं.’ इथे थांबा. ‘वाटत होतं’ म्हणजे समज, ‘करेल’ म्हणजे तेव्हापासून पाहिलेला भविष्यकाळ. सब्जंक्टिव्ह लागतच नाही: ‘क्रेइया के यामारिया’. ‘त्याने फोन करावा’ असं असतं, तर ‘केरिया के यामारा’.